मागाच्या फळीचा लॅपटॉप

सोलापुरात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. चादरीच्या मागावरचं काम सुटलं की एक विणकर काका तिथं यायचे. केसांत कापसाचे तंतू, पिशवीत भंगारातले पार्ट. घरीच लॅपटॉप बनवायचा म्हणायचे. मी वैतागायचो, "काका, एका कंपनीचं दुसऱ्यात बसत नाही. सरळ नवा घ्या." ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

पाच महिन्यांनी जुन्या मागाच्या फळीची पेटी घेऊन आले. आतल्या वायरी चादरीच्या सुतानं बांधलेल्या. बटण दाबलं, स्क्रीन उजळली.

"फार जड झालाय," मी म्हणालो.

"व्हय की. पर गाठी माज्या हायत. बिघडला तर कुटं, ते मला कळंल."

माझा लॅपटॉप तेव्हा कंपनीकडे पाठवलेला होता. काय बिघडलंय, ते मला सापडलं नव्हतं.