भरतीच्या वेळी उघड्यावर

काही प्रकरणं निवृत्तीनंतरही माणसाची पाठ सोडत नाहीत. हे त्यातलंच. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या चोऱ्या उकलण्यात माझी हयात गेली. पुस्तकाची चोरी माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आली होती.

पनवेलच्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना एका डीटीपीवाल्याचा फोन आला. "साहेब, उद्या एका बाईंच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. ते पुस्तक माझं आहे. माझं ई-बुक आधीपासून नेटवर आहे, तारीख बघा." लेखी अर्ज घेतला आणि दोघांनाही चौकशीला बोलावलं.

बाई निवृत्त शिक्षिका, उरणकडच्या मिठागरवाल्या घरातल्या. बोटं आखडलेली, म्हणून वडिलांची सगळी हकीकत त्यांनी फोनला तोंडी सांगून लिहून घेतली होती. पानं लावायला फाईल दिली ती याच डीटीपीवाल्याकडे. पुढे फोन बिघडला आणि पुरावाच गेला. प्रकाशनाला अख्खं गाव येणार होतं. "आयुष्यभर पोरांना सांगितलं, कॉपी करू नका," त्या म्हणाल्या, आणि मग घरची बोली तोंडात आली, "आनि आता मीच चोर? मी चोर नाय हाय, साहेब."

डीटीपीवाला मात्र आरामात चहा पीत होता. "माझ्या आजोबांची गोष्ट आहे," असं ठासून सांगत होता. खरा माणूस ठाण्यात घाबरतो. इतका निवांत बसणारा घरून तयारी करून आलेला असतो, हा माझा अनुभव.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. 'बाबा'चे 'आजोबा' केलेले, बाकी शब्द न् शब्द सारखा. एका जागी अडलो. बाईंच्या छापील पुस्तकात होतं, 'बाबा भरतीच्या वेळी उघाडीवर बसायचे.' ई-बुकात होतं, 'आजोबा भरतीच्या वेळी उघड्यावर बसायचे.'

मी त्याला विचारलं, "तुमचे आजोबा उघड्यावर बसायला भरतीची वाट कशाला बघायचे?"

"पूर्वी संडास नव्हते, साहेब."

"कबूल. पण पुढे लिहिलंय, तिथे बसून ते फळ्या उचलायचे. कसल्या फळ्या?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं फळ्यांचं दार. भरतीचं पाणी आत घ्यायला तिथे माणूस बसावा लागतो. फोनला हा शब्द ठाऊक नाही, त्याने 'उघडीवर' लिहिलं. बाईंनी छापण्याआधी छापखान्यातल्या प्रुफावर ते दुरुस्त केलं. या दीडशहाण्याला वाटलं व्याकरण चुकलंय, त्याने 'उघड्यावर' केलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बाईंची मूळ फाईल मिळाली, 'बाबा' आणि 'उघडीवर'सकट. पंचनामा करून कॉम्प्युटर जप्त केला, गुन्हा नोंदवला.

"उद्या खुशाल प्रकाशन करा," मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"पुस्तक चोरलं ते एक वेळ सोसलं असतं. पण माझ्या बाबांना त्याने उघड्यावर बसवलं, साहेब. ते लोकांनी वाचलं ना?"

ई-बुक उतरवलं गेलं. पण तोवर कोणीतरी त्याचा यंत्राच्या आवाजातला ऑडिओ केला होता. तो अजून फोनाफोनांतून फिरतो आणि लोक नेमक्या त्याच वाक्याला हसतात. मला फार वाईट वाटतं. मुद्देमाल सापडला की मालकाच्या ताब्यात द्यायचा आणि सही घ्यायची, हेच मी आयुष्यभर केलं. काही माल परत करताच येत नाही, हे या बाईंमुळे कळलं.

परवा त्या मच्छी मार्केटजवळ भेटल्या. "तो आवाज बंद झाला का हो?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यासाठी कुठल्या ठाण्यात जायचं, ते मलाही माहीत नाही.