अलकाताईंचा नंबर

नोकरी शोधून देणाऱ्या ऑफिसात काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच दारातून येतात आणि समोर बसतात. आमचं ऑफिस सरकारी, आम्स्टरडॅम स्लोटरडाइक स्टेशनला लागून. मी पुण्याहून नवऱ्यामागे डिपेंडंट म्हणून आले, आणि टेबलाच्या त्या बाजूकडून या बाजूला यायला मला चार वर्षं लागली. म्हणून त्या बाजूच्या लोकांवर माझा जरा जास्तच जीव. त्यातही अलकाताईंवर. नावं बदलली आहेत, स्वभाव मात्र मला बदलता आले नाहीत!

*

अलकाताई जवळच्या नीउ-व्हेनेप गावाहून पहिल्यांदा आल्या त्या जाडजूड फाइल घेऊन. ओरिजिनल सर्टिफिकेटं, वर प्रत्येकाच्या तीन-तीन ट्रू कॉप्या. माझा सहकारी वाउटर म्हणाला की कागद नकोत, सगळं ऑनलाइन आहे. त्यांनी त्याच्याकडे अशा मायेने पाहिलं, जणू म्हणत होत्या, बिचारा नवीन दिसतोय.

मग कळलं, बाई साताऱ्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये चौदा वर्षं क्लार्क होत्या. बेकारांची कार्डं लावायची, नाव नोंदवल्याच्या तारखेप्रमाणे एकेकाला कॉल पाठवायचा. इथे आल्यापासून घरीच. मला मराठीत म्हणाल्या, "अगं, आठ वर्षं फॉर्मवर 'व्यवसाय' लिहिलेल्या रकान्यात रेघ मारतेय. एकदा तरी काहीतरी लिहू दे."

*

दर तीन महिन्यांनी त्या नावनोंदणीच्या रिन्युअलला यायच्या. इथे रिन्युअल नसतं हे मी चारदा सांगितलं. "नसेल. पण चुकलं तर सीनियॉरिटी जाते," हे त्यांचं उत्तर. शेवटी वाउटरने ऑफिस पालथं घालून एक शिक्का शोधला. त्यावर फक्त 'पोचले' असं डचमध्ये होतं. तो त्याने त्यांच्या प्रिंटआउटवर ठोकला. बाई खूश.

पुढच्या आठवड्यात हेंक आला. साठीचा डच माणूस, छापखाना बंद पडल्यापासून घरी. त्याने आपलाही कागद शिक्क्यासाठी पुढे केला.

*

दिवाळीत अलकाताईंनी चिवड्याचा डबा आणला. सरकारी नियमाप्रमाणे भेटवस्तू रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते. वाउटरने नोंद केली: 'पोह्यांचा तिखट पदार्थ, एक डबा. पुरावा शिल्लक नाही.'

*

दर बुधवारी आमच्याकडे नोकरी शोधणाऱ्यांचा ग्रुप बसतो. ट्रेनरबाईंनी सगळ्यांना स्वतःचे तीन गुण सांगायला लावले. अलकाताईंची पाळी आली तशा त्या अडून बसल्या. स्वतःचे गुण स्वतः कसे सांगायचे, ते दुसऱ्याने सांगायचे असतात, असं मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाल्या. ट्रेनरबाई म्हणाल्या, बरं, मग शेजाऱ्याचे सांगा. शेजारी हेंक.

"हा दर वेळी सगळ्यांच्या आधी येतो. आमच्या खुर्च्या मांडतो. कोणी नाही आलं तर त्याची खुर्ची काढत नाही, वाट बघतो."

हेंक बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. खोटं कशाला सांगू, मीही बघत राहिले.

*

आणि हा शेवटचा.

मागच्या वसंतात सरकारी योजनेतून एक जागा आली. जुन्या दप्तरखान्यात, कागद लावण्याची. निवड आमच्याच ऑफिसने करायची होती. फाइली लावण्यात अलकाताईंचा हात कोण धरणार? मी आणि वाउटरने त्यांना बोलावून घेतलं आणि आनंदाने सांगितलं की ही नोकरी तुमची.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "हेंकने नाव कधी नोंदवलं होतं?"

त्यांच्या दोन वर्षं आधी. तो कागद लावू शकेल का, हेही त्यांनी विचारलं. हो, छापखान्यात आयुष्य गेलंय त्याचं. वाउटरने समजावलं की इथे नंबराने जात नाही, जो अधिक योग्य त्याला देतात. मीही मराठीत विनवलं, ताई, असा वेडेपणा करू नका, अशी जागा पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

"चौदा वर्षांत मी कोणाचं कार्ड पुढे सरकवलं नाही गं. आमदाराची चिठ्ठी आली तरी नाही. आता काय स्वतःचं सरकवू?"

वाउटरने माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे. मग त्याने हेंकला फोन लावला.

मी त्यांना सोडायला प्लॅटफॉर्मपर्यंत गेले. त्यांचा रागही आला होता आणि त्यांना तसं एकटं सोडवतही नव्हतं. विचारलं, "ताई, वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना. खूप वाटतंय," त्या म्हणाल्या आणि पदर नसल्यामुळे जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले. गाडी आली. आत चढून त्या दारात वळल्या.

"पण आता पुढचा नंबर माझाच हं."