पारनेर ते घोडेगाव, पाय न टेकवता

आधी एक दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘पारनेरहून नगरला स्कूटीवर एकटी जाऊन आले.’ ते खरं नव्हतं. माझ्यामागे साधारण दोनशे मीटरवर अप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या मोटारसायकलवर होते. जाताना होते आणि येतानाही होते. तुमच्यापैकी तिघींनी खाली ‘किती धाडसी!’ असं लिहिलंत, तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही.

पहिली दोन वर्षं मला शाळेत न घालता अप्पांनीच घरी शिकवलं. पाठीमागे उभे राहून ते माझी पाटी बघत. चूक झाली की बोलत नसत, नुसते खाकरत. आता हॉर्न वाजवतात.

मला सुप्याच्या एमआयडीसीत, एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे. घरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. प्रश्न एवढाच होता की रोज अप्पा सोडायला येणार, की मी माझी जाणार. आरटीओने मला परवाना दिला आहे, अप्पांनी अजून दिला नव्हता. त्यांची परीक्षा अशी: घोडेगावला जनावरांच्या बाजाराच्या दिवशी जायचं आणि गाडी न पाडता परत यायचं.

त्याआधी गाडी आरामशीर करून घ्यायचं ठरलं. आराम माझा, ठरवणारे बाकीचे. वारा लागू नये म्हणून आईने पुढे एवढी मोठी काच बसवून घेतली की तिच्यामागे मी बँकेतल्या कॅशियरसारखी दिसते. अप्पांनी दोन्ही अंगांना स्टीलचे गार्ड लावले, मागे टेकायला पाठ आणि दोन जादा आरसे. शेवटी नगरच्या सीटवाल्याकडून डबल फोमची सीट, अठराशे रुपये. सीट आली तेव्हा गाडी अंगणात मधल्या स्टँडवर उभी करून सगळे एकेकदा बसले. “सोफा आहे गं सोफा!” आई म्हणाली. मीही बसले. पाय लोंबकळत होते. स्टँडवर लोंबकळणारच, असं मी धरून चालले. ही चूक माझी.

सकाळी सातला निघालो. (निघाले असं लिहिलं होतं, ते खोडलं.) सुप्यापर्यंत रस्ता अरुंद, पण बरा. पुढे पुणे हायवे, ट्रकच ट्रक. पहिल्याच सिग्नलला कळलं की माझे पाय जमिनीला लागत नाहीत. उजवा अंगठा टेकतो, तोही चप्पल जाड असेल तर. मग मी थांबण्याच्या जागा हेरायला लागले. दुभाजक, फुटपाथ, एकदा कोणाच्या तरी दुकानाची पायरी. हा रस्ता मी आता दगडांवरून सांगू शकते. मागून दर दहा मिनिटांनी अप्पांचा हॉर्न खाकरत होता.

नगर ओलांडलं (पाट्यांवर अहिल्यानगर, तोंडात नगरच), इमामपूरचा घाट उतरला आणि पांढरीपुलाला भेळ खाल्ली. तिखट आहे, पाणी जवळ ठेवा. भेळवाला गाडीकडे बघत म्हणाला, “ताई, नवरदेव कुठं बसनार?” अप्पांना ठसका लागला. तो तिखटाचा होता असं ते म्हणतात.

घोडेगावात बाजाराच्या फाटकाशी टेम्पो, माणसं, म्हशी सगळं एकाच रस्त्याने आत शिरत होतं. माझ्यापुढची एक म्हैस एकाएकी थांबली. मीही थांबले. डावा पाय खाली सोडला, तर खाली काहीच नव्हतं. मग सोफा, काच, चारही आरसे आणि मी सावकाश कडब्याच्या पेंढ्यांवर आडवे झालो. अप्पा किती झटकन पोचले ते बघून मला मागच्या लेखाची पुन्हा लाज वाटली.

म्हैस विकायला आणलेल्या मावशींनी मला उठवलं. “लागलं का गं?”

“हिला घाई असते,” अप्पा म्हणाले.

“घाई कशाची वो? पोरीचं पायच पोचत न्हाईत. बस गं परत. स्टँड काढून बस.” मी बसले. मावशींनी वाकून माझी टाच आणि जमीन यांत वीत घातली. पुरी वीत मावली. “ही गाडी घेताना चालवून बगितली का नुसती बसून?”

“सीट नवी आहे. नुसती बसून बघितली, अंगणात, स्टँडवर,” मी म्हणाले.

“अगं बया! आमी म्हस सुदिक दावनीला बांदलेली घेत न्हाई. चार पावलं चालवून घेतो.” आणि अप्पांना म्हणाल्या, “दादा, तुमी लई नटवलीय. इकायची हाय का?”

अप्पा चहा घ्यायला गेले. एकटेच.

परतताना नगरला सीटवाल्याकडे थांबलो. “माप कोणाचं घेतलं होतंत?” मी विचारलं.

“वडलांचं की. तेच म्हनले, पोरगी बसनार ती जागा आधी मी बसून बघतो. झ्याक बसलं हुतं माप!”

अप्पा पाच फूट दहा इंच आहेत. मी चार फूट अकरा. तुम्हाला सीट करून घ्यायची असेल तर गाडी स्टँडवरून काढा, रोजची चप्पल घाला आणि स्वतः बसा.

घरी येऊन निकाल लागला. “पडलीस. नोकरीवर मी सोडणार,” अप्पा म्हणाले.

“मी नाही पडले, तुमचं माप पडलं,” मी म्हणाले. असं मी त्यांना आजवर कधी बोललेले नव्हते. आई काचेवरची धूळ पुसत राहिली.

जुनी सीट माळ्यावर होती. ती मी काल बसवली. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात. काच ठेवली आहे, ती आईची आहे.

हा लेख टाकण्याआधी अप्पांना वाचायला दिला, त्यांच्याबद्दल पाठीमागे लिहिणं बरं नाही. त्यांनी लाल पेनने एकच दुरुस्ती केली: ‘दोनशे मीटर’ खोडून ‘पन्नास’ (वर तसं वाचा). बाकी तसंच ठेवलं. पुढचं वाक्यही त्यांनी वाचलं आहे आणि ते खाकरले नाहीत.

आज मंगळवार. परवा, गुरुवारी, सकाळी आठ वाजता, मी सुप्याला एकटी जाणार आहे.