दराडे सरांची चरबी

दराडे सर वर्गात चरबी शिकवायला लागले की खडू खाली ठेवत आणि दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरत. "पुस्तक मिटा. हितं बघा." नगरच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. सर मूळचे तिसगावचे. पदव्या घेतल्या, बोली सोडली नाही.

त्यांचं म्हणणं असं, की माणूस उपाशी राहिला की अंगातली चरबी सगळी सारखी सुटत नाही. तिच्यातली तेलासारखी पातळ मेदाम्लं आधी रक्तात उतरतात, तुपासारखी घट्ट मागं राहतात. "एष्टीत न्हाई का, सडपातळ मानूस पयला उतरतो आन् आमच्यासारखा दारात अडकतो!"

दुष्काळाच्या साली सरांना हर्निया झाला. सर्जन त्यांचे शाळासोबती. त्यांनी बजावलं, "दोन महिन्यांत वजन उतरव, नाहीतर मी सुरी लावणार नाही." सर उलट खूश झाले. "मंग आज चिमूटभर चरबी काढ, आन् आपरेशनला पुन्ना. मधी मी उपाशी!" सर्जननी आधी हात जोडले, मग चरबी काढून दिली.

ही बातमी सरांनीच अख्ख्या कॉलेजात केली. दोन महिने अर्धी भाकरी, ताक, आणि भिंगारच्या घरून कॉलेजात रोज पायी. वहिनी मला म्हणाल्या, "बाई, ह्यांची चरबी आधी सुटते का माझा धीर, तेवढं बघा."

कंबरेखालचं बधिर करून टेबलावर निजवलं, तरी सर सांगत होते, "जरा डावीकडनं घे, पयला नमुना तिथला हाय."

"गप पड, नाहीतर तोंडही बधिर करीन," सर्जन म्हणाले.

टाके निघाल्यावर आम्ही दोन्ही नमुने तपासले. पातळ चरबी आयोडिन जास्त पिते, म्हणजे उपासानंतरच्या नमुन्यानं ते कमी प्यायला हवं होतं. मी थेंब थेंब सोडत तीनदा मोजलं. फरक इतका किरकोळ, की माझ्या हाताच्या चुकीतही तो बसला असता. बाहेर निम्मी स्टाफरूम निकालाची वाट बघत उभी.

मी हळूच म्हटलं, "सर, एखादा थेंब इकडचा तिकडे धरला तर?"

ढगळ झालेली पँट एका हातानं सावरत सरांनी वही पुढं ओढली. चेहरा पडला होता. मग म्हणाले, "बाई, चरबी माझी हाय. आकडा माझा न्हाई." त्यांनी स्वतः वहीत लिहिलं, 'फरक सांगता येत नाही', आणि दार उघडून सगळ्यांना तेच मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक हसले. सरही हसले, जरा उशिरानं.

त्या रविवारी वहिनींनी मलाही जेवायला बोलावलं. चौथी पुरणपोळी ताटात घेताना सरांनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं.

"आवडीनं खातोय आसं समजू नका, बाई. फुडल्या टायमाला नमुना मोठा लागंल."