समोरची खिडकी

नव्वदच्या दशकात वर्ध्याला माझं रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान होतं आणि तोंड मात्र मोठं. गल्लीमागच्या तेलगिरणीची चिमणी धूर ओकते म्हणून दर हिवाळ्यात मी नगरपालिकेला अर्ज लिहायचो, घरोघरी सह्या घ्यायचो. पहिली सही समोरच्या काकूंची. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, दम्याच्या पेशंट. उन्हाळ्यात वारा सुटायचा, तेव्हा त्यांचं बरं असायचं. थंडी पडली की धूर गल्लीतून हलायचा नाही आणि त्यांचा खोकला मला दुकानात ऐकू यायचा. मग मी गिऱ्हाइकांसमोर गिरणीवाल्याच्या नावानं बोटं मोडायचो.

रोज सकाळी दुकान झाडून मालाच्या प्लास्टिक पिशव्या आणि खोके रस्त्यापलीकडे, काकूंच्या खिडकीखाली नालीकाठी पेटवायचो. हात शेकत चहा प्यायचो. त्याला मी धूर समजतच नव्हतो. ती माझ्या लेखी साफसफाई होती.

एका जानेवारीत मेहुणीच्या लग्नासाठी आष्टीला गेलो. दुकान आठ दिवस बंद. परतलो त्या संध्याकाळी काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एरवी थंडीभर बंद असणारी त्यांची खिडकी सताड उघडी.

"काकू, तब्येत बरी दिसून राह्यली."

"हो भाऊ. आठ दिवस आडवं होऊन झोपली मी. नाईतर बसूनच रात्र काढा लागते."

"गिरणी बंद होती काय?"

"नाई. थे तं चालूच होती."

एवढं बोलून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि कान तापले.

"मग मले काऊन नाई सांगितलं, काकू?"

"तुम्ही माह्यासाठीच सह्या घेत फिरत होते. तुमाले कसं सांगाव?"

इतकी वर्षं गावभर बोललो, आणि तेव्हा साधी माफीही मागितली नाही. लाजेनं मी तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काडेपेटी घरीच ठेवली. सगळा कचरा पोत्यात भरला, पोतं बांधलं आणि काकूंना दिसावं म्हणून मुद्दाम उचलून धरत वर पाहिलं.

खिडकी बंद होती. मी परत आल्याचं त्यांनी आदल्या संध्याकाळीच पाहिलं होतं.