शालनकाकींची वेणी

शालनकाकी तोंडात टाचण्या धरूनच बोलत. आमच्या शेजारी त्या ब्लाउज शिवायच्या. मी कमी बोलते, याची त्यांना दया येई. "इंग्लिश शाळंत बोलायला फी पडती व्हय गं?" असं विचारून स्वतःच मोठ्यानं हसत.

मी कॉलेजात असताना त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशननंतर केमोथेरपी ठरली. दवाखान्यातलं इंग्रजी माहितीपत्रक घेऊन त्या माझ्याकडं आल्या. मळमळ, तोंड येणं, थकवा, असं मी भराभर वाचलं आणि केसांपाशी अडले.

"वाच की. गिळू नगंस."

"केस गळतील, काकी. सगळे."

त्यांची वेणी कमरेखाली होती. त्यांनी ती पुढं ओढून मांडीवर घेतली. "तोंडाचं बघू. दहीभातावर ऱ्हाईन. पर अव्वाला काय सांगू?"

अव्वा म्हणजे गडहिंग्लजची त्यांची आई. नजर अधू झालेली. काकींची थोरली बहीण याच दुखण्यानं गेली होती, त्यामुळं अव्वाला काही कळू द्यायचं नव्हतं. पण लेक माहेरी आली की अव्वा आधी तिला पुढ्यात बसवून वेणी घाली.

काकींनी वेणी कापून तिचं गंगावन करून आणलं. आरशापुढं धरलं आणि एकदम हसत सुटल्या. "येडी मी! केसच ऱ्हाणार न्हाईत, तर ह्ये बांधू कशाला?" मग डोळे पुसून मशीनवर बसल्या. मऊ सुती टोपी शिवली आणि वेणी तिच्या मागच्या कडेला टाचली. वरून पदर.

दोन केमो झाल्यावर जरा हुशारी वाटली, तशी त्या माहेरी निघाल्या. सोबतीला मी. "तू काय बोलायची न्हाईस, म्हणून तर न्हेते."

"बस, वेणी घालते," अव्वा म्हणाली.

"नगं अव्वा, आत्ताच घातलीया."

तरी अव्वाचा हात पदराखालून वेणीवर गेला, वर सरकत टाक्यांपाशी थांबला. अव्वानं हात काढून घेतला, पदर सारखा केला. "चांगली घातलीयास. ऱ्हाऊ दे."

जेवायला मला भाकरी आणि झणझणीत आमटी. काकींच्या ताटात नुसता मऊ दूधभात.

"अव्वा, मला चटणी न्हाई?"

"तोंड आलं असंल तुझं. थोरलीचं बी यायचं."

काकींनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि अव्वाच्या मांडीवर डोकं टेकलं. वेणी घालताना फिरावीत तशी अव्वाची बोटं त्या उघड्या डोक्यावरून फिरत राहिली. मी माझं ताट उचलून बाहेर गेले.