सलाम मास्तर

गोंदियाच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी मी फाटकातच अडकलो. खाकी अर्धी चड्डी, पायांना पट्ट्या, गळ्यात शिट्टी अशा वेषातला एक उंच, वाळका माणूस तिथे उभा होता आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मुलाकडून सलाम घेत होता. सलामही साधा नव्हे. आधी उजवा हात सरळ आभाळाकडे, कोपर कानाला लागलं पाहिजे, मग कपाळाशी. "पुरा वर! हां, जाय." एखाद्याने घाईत उरकलं की त्याला परत मागे धाडायचे. घंटा होऊन गेली होती, रांग रस्त्यावर आली होती, पण ह्या गृहस्थांना कसली घाई म्हणून नव्हती. कलेक्टरसुद्धा इतके सलाम घेत नसेल, असं माझ्या मनात आलं.

मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, डावा खांदा उतरला तुमचा. टेसनावरून ट्रंक एकाच हातानं आनली का?" आणली होती. हमाल मिळाला नव्हता. पण पहिल्याच दिवशी पहिल्याच माणसाने माझ्या खांद्यावर बोलावं, हे मला मुळीच आवडलं नाही.

हे टेंभरे मास्तर. शाळेचे ड्रिल मास्तर. मुलं त्यांना सलाम मास्तर म्हणत आणि आम्ही शिक्षकही पाठीमागे तेच म्हणायचो. ड्रिल मास्तरांना तेव्हा शिक्षकांच्या खोलीत खुर्ची असे, मान नसे. बीजगणित आणि भूगोल शिकवणारी आम्ही माणसं चहा घ्यायचो आणि मास्तर खिडकीत उभे राहून मैदानाकडे पाहायचे. संध्याकाळी मुलं घरी गेली की इकडेतिकडे विखुरलेले चेंडू ते एकटेच वेचत आणि मला पाहिलं की म्हणत, "थकलो बापा." रोज म्हणत. म्हणता म्हणता आणखी एक चेंडू वेचत.

जिल्ह्याचे शालेय खेळ भंडाऱ्याला व्हायचे. त्यात धावणं, उड्या वगैरे होतंच, पण खरी चुरस चेंडूफेकीची. क्रिकेटचा चेंडू कोण सर्वांत लांब फेकतो. त्याची एक ढाल होती आणि ती आमच्या शाळेला कधीच मिळाली नव्हती. हेडमास्तरांच्या मते ह्याला कारण टेंभरे मास्तर. एका अर्थी ते खरंच होतं. मास्तर मुलांच्या हातात चेंडूच देत नसत. नव्या पोराला आधी शेजारच्या कुडवा गावापर्यंत पळवायचे आणि परत आणायचे, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या देऊन मैदानाला फेरे घालायला लावायचे, हलके मुगदल फिरवायला द्यायचे. मग चिंध्यांचा चेंडू, तोही जवळच्या जवळ. खरा चामड्याचा चेंडू हातात येईपर्यंत पोराचा अर्धा उत्साह मावळलेला असे. "चेंडू हातानं नाई फेकत, पायानं अना कंबरेनं फेकतेत," ते म्हणत. "हात तं फक्त सोडून देते." आणि मुलगा रंगात आला, "मास्तर, आणखी एक" म्हणाला, की हे चेंडू काढून घेत. आणखी एक म्हणणाऱ्याला आणखी एक द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. आज फेकलं त्याने उद्या फेकायचं नाही, हा दुसरा.

"पोट्ट्यायची हाडं अजून कच्ची आहेत, गुरुजी. आता वढली तं जन्मभर वाकडी राहतेत."

मी एकदा विचारलं, की मास्तर, तुमच्या हातून कोणाचा हात गेला होता का? मी वाट पाहिली, आता एखादी गोष्ट निघेल. निघाली नाही. मास्तरांनी उलट मलाच विचारलं, "कायले? गेल्यावरच समजाले पाहिजे का? लेकरायचा हात आहे. धान रोवाचं, बैल हाकाचे, सारं त्याच हातानं."

सलामाचं गुपित मात्र त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. हात दुखतो का म्हणून विचारलं तर एकही मुलगा हो म्हणत नाही. संघातून नाव जाईल ही भीती. "तोंडानं खोटं बोलते पोट्टं, खांद्यानं नाई बोलत." ज्याचा खांदा दुखतो त्याचा हात वर जाताना अर्ध्यावर अडखळतो. ज्याचं कोपर दुखतं त्याचा हात कानाला लागत नाही. एवढ्यासाठी रोज सकाळी तो फाटकातला सोहळा. मी थक्क झालो. मान म्हणून घेतात असं सगळं गाव समजत होतं!

"मग सांगत का नाही मुलांना?"

"सांगितलं तं सलामही खोटा करतीन ना. तुम्हीही नोका सांगू."

सालेकशाकडच्या एका खेड्यातला सुखराम आमच्या बोर्डिंगात राहायला आला, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत चहा घेत उभा होतो. त्याने मैदानाच्या कडेला पडलेला चेंडू सहज उचलून फेकला आणि तो कुंपणावरून राइस मिलच्या कोंड्याच्या ढिगात जाऊन पडला. मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजवायची राहून गेली.

सुखरामचे वडील दुसऱ्याच्या बांधीत धान पिकवायचे. पोरगा अभ्यासात बेताचा. पण ढाल जिंकणाऱ्या मुलाला रेल्वेचे साहेब आपल्या संघासाठी उचलतात आणि चिकटवून घेतात, हे त्याने कुठून तरी ऐकलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्याला ढाल पाहिजे होती म्हणजे नोकरी पाहिजे होती. मास्तर त्याला बादल्या उचलायला लावत आणि तो मास्तरांची पाठ वळली की बोर्डिंगामागच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, जाऊन पाण्यापलीकडे दगड फेकी. मास्तरांना सलामात ते दिसे. मग आठवडाभर चेंडू बंद. दोघांचं असं चाललं होतं.

मग बेचाळीस साल आलं. मुलांची टोपी बदलली, आवाज बदलला, आणि एका सकाळी फाटकात पहिल्याच मुलाने हात खाली ठेवून सांगितलं, "गुलामीचा सलाम आम्ही करत नाही." मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं, "टोडी मास्तर हाय हाय." टोडी म्हणजे इंग्रजांचा खुशमस्कऱ्या. मुलांचा राग खरा होता आणि त्यांचं म्हणणंही काही चुकीचं नव्हतं. माझीही सहानुभूती त्यांच्याकडेच होती. पण मास्तरांना इंग्रज साहेबाशी काय देणंघेणं होतं!

मी म्हटलं, "आता तरी सांगा." त्यांनी मान हलवली. "खेळ दोन महिन्यांवर आहेत. सुखराम फेकून राहिला, मले माहीत आहे. पन किती लागलं ते दिसून नाई राहिलं. आंधळा झालो मी, गुरुजी." मी न राहवून हेडमास्तरांना सांगून पाहिलं. ते हसले. "ही युक्ती त्यांनी आता शोधली वाटतं," म्हणाले. त्यानंतर मी कोणाला सांगायला गेलो नाही. मलाही कंटाळा आला होता.

त्या दिवसांत बाजारातून मुलांच्या मिरवणुका निघत. एका मिरवणुकीच्या वाटेवर, पानाच्या ठेल्याशेजारी, मास्तर उभे दिसले. मुलं घोषणा देत होती आणि प्रत्येक "जय"ला शेकडो हात वर जात होते. मास्तर एकेका हाताकडे पाहत होते. मला उमगलं. त्यांना त्यांचे सलाम परत मिळाले होते. मुलांना मात्र वेगळंच दिसलं. "नावं टिपून राहिला बे! खबऱ्या आहे, पोलिसाचा खबऱ्या!" कोणीतरी मातीचं ढेकूळ मारलं, ते त्यांच्या छातीवर फुटलं. मास्तर हलले नाहीत. त्यांची नजर सुखरामवर होती. सगळ्यांचे उजवे हात वर होते. सुखराम डावा हात वर करत होता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर भंडाऱ्याला जाणाऱ्या मुलांची निवड होती. सगळी शाळा जमलेली. हेडमास्तरांनी सुखरामचं नाव घेतलं आणि मास्तर पुढे झाले.

"सुखराम नाई जाऊन राहिला."

"काऊन?" सुखरामचा आवाज चिरकला.

"हात दुखून राहिला तुझा."

"नाई दुखत!"

"मंग सलाम कर."

मी जवळ उभा होतो. सुखरामने हात उचलला होता, हे मी शपथेवर सांगतो. तो छातीपर्यंत आला, अडखळला आणि खाली पडला. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मागून कोणी ओरडलं, "नोको करू, सुखराम! गुलामी आहे!" सुखरामने मान वर केली. "नाई करत सलाम!" तो गरजला. मुलांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. मी तोंड उघडणार तोच मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं.

"नाई करत तं नाई जात," ते मोठ्याने म्हणाले आणि चेंडू वेचायला लागले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडलो. एवढा अपमान गिळायची काय गरज होती? खरं सांगून टाकायचं! मास्तर चेंडूवरची माती पुसत म्हणाले, "हात गेला असं चार लोकांत म्हटलं असतं, तं उद्याच फेकून दाखवाले गेला असता पोट्टा. मंग पुराच गेला असता. आता त्याले फेकाची गरज नाई. पोट्ट्यायच्या नजरेत मोठा झाला तो. हात आरामात राहीन." मग नेहमीचं, "थकलो बापा." पण त्या दिवशी ते खरोखर खाली बसले.

ढाल त्या वर्षीही आली नाही. वर्ष संपता संपता मास्तरांनी नोकरी सोडली. निरोपसमारंभ झाला नाही. छोट्या लायनीच्या गाडीत मी त्यांना बसवलं, गाडी त्यांच्या गावाकडे, सौंदडकडे निघाली, त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. शाळेची होती, परत करायची होती.

सुखराम पुढे रेल्वेत लागला खरा, पण ढालीमुळे नव्हे. सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून, दिवसभर लोखंडी दांडे ओढायच्या कामावर. आपण भर मैदानात सलाम कसा नाकारला ही गोष्ट तो चारचौघांत रंगवून सांगत असे, आणि दर वेळी मास्तर जरा आणखी दुष्ट होत जात. मी ती दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा उठून गेलो.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात शाळेच्या मैदानावर झेंडा लागला. जुनी मुलं आली होती, त्यांत सुखरामही होता. झेंडा वर गेला आणि सगळ्यांनी सलाम केला. सुखरामने कोणी न सांगता आधी हात सरळ आभाळाकडे नेला, कोपर कानाला लागलं, मग कपाळाशी. हे तो कुठे शिकला ह्याची त्याला आठवण तरी होती की नाही, देव जाणे. मला पुढचं काही नीट दिसलं नाही.

त्याच आठवड्यात मी सौंदडची गाडी पकडली. मास्तर ओसरीत खाटेवर पडून होते, अंगात काही उरलं नव्हतं. सुखराम गावोगाव काय सांगत फिरतो ते त्यांना कळलेलं होतं. "सांगू द्या ना," म्हणाले. मग मी झेंड्याचं सांगितलं.

त्यांनी डोळे उघडले. "कोनता हात?"

"उजवा."

"पुरा वर गेला?"

सांगून भागणार नव्हतं. मी ओसरीत उभा राहिलो आणि करून दाखवला, आधी आभाळाकडे, मग कपाळाशी. मास्तरांनी मान किंचित उचलून माझ्या हाताकडे निरखून पाहिलं.

"तुमचा अडखळते, गुरुजी. त्याचा असा तं नव्हता?"

"नाही मास्तर. त्याचा सरळ गेला."

"मंग झालं," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.